वसईहून पणजीला, सन १८२२

सन १८२२, जानेवारी महिना. वसईच्या किल्ल्याच्या दर्यादरवाजातून तुम्ही बाहेर पडता तेव्हा भरती लागलेली असते आणि उत्तरेचा वारा कानशिलांना गार लागत असतो. अंगात बंडी, डोक्याला रुमाल, खांद्यावर वळकटी. रेल्वे यायला अजून चाळीस-एक वर्षे आहेत. विरार, नालासोपारा, नवघर, माणिकपूर ही भातखाचरांच्या आणि वाड्यांच्या मधली गावे आहेत, एका गावातून दुसऱ्या गावात जायला पायवाट किंवा बैलगाडी. मागे वळून पाहिलेत तर तटाच्या आत सेंट जोसेफ चर्चचा मनोरा दिसतो. त्यात घंटा नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला आणि इथल्या घंटा घाटावर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. पुढे पेशवाईही गेली. गेली चार वर्षे इथे कंपनी सरकारचा अंमल चालू आहे. सारा कोणी ठरवायचा, कायदा कोणी करायचा, हे तुम्हाला कोणी विचारलेले नाही. विचारायला हवे होते, असे तुमच्याही मनात अजून आलेले नाही.

तुम्ही गोव्याला निघाला आहात, कारण गावात एक बातमी आली आहे. इथले पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या आज्ञेतले, त्यामुळे गोव्याची खबर वसईला मुंबईच्या खबरीइतकीच लवकर कळते. बातमी अशी की, गोव्यातले लोक आपली माणसे निवडून लिस्बनला पाठवणार आहेत. तिथे एक सभा भरली आहे. ती राजावरही बंधनकारक राहील असा कायदा लिहिते आहे, आणि त्या सभेत गोव्याचा माणूस पोर्तुगालच्या माणसाशेजारी बसणार आहे.

पाचूबंदराच्या अंगाला पातेमारी उभी आहे. तुम्ही चढता. या दिवसांत वारा पाठीशी असतो, त्यामुळे तांडेलाला फारशी कसरत नाही. मुंबईचे बंदर मागे पडते, मग रेवदंडा, जंजिरा, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. रेवदंड्याच्या पडक्या तटाकडे नीट बघा. वसई, चौल, दमण, साष्टी हा एके काळी एकच मुलूख होता आणि वसई त्याची राजधानी होती. दमण तेवढे पोर्तुगिजांकडे उरले, बाकीचे मराठ्यांनी घेतले आणि मराठ्यांकडून इंग्रजांनी. म्हणून दमणचा माणूस आज मत द्यायला पात्र ठरतो आणि त्याच्याच गोतातला वसईचा माणूस ठरत नाही. प्रवासभर ही गोष्ट मनात ठेवा.

आग्वादचा किल्ला डावीकडे येतो, मग मांडवीचे तोंड, रेईस मागूश, उजव्या हाताला गास्पर दियशचा छोटा किल्ला. तेरा वर्षांनी तुम्ही त्या किल्ल्यापाशी परत येणार आहात. पुढे पणजी. जुने गोवे साथींनी ओस पडले, म्हणून व्हाइसरॉय साठ-एक वर्षांपासून इथे राहतो, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. निदान चार महिन्यांपूर्वीपर्यंत राहत होता. १६ सप्टेंबर १८२१ ला काउंट रिओ पार्दो या व्हाइसरॉयला गोव्यातल्या उदारमतवाद्यांनी आणि त्यांना मिळालेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी गादीवरून खाली उतरवले. कारभार आता एका मंडळाकडे आहे.

हे एवढ्या लांब, अरबी समुद्राच्या काठी का घडले? त्याची सुरुवात ऑगस्ट १८२० मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात झाली. नेपोलियनच्या भीतीने राजा ब्राझीलला गेला होता आणि धोका टळल्यावरही परतत नव्हता. पोर्तोच्या फौजेने आणि व्यापाऱ्यांनी बंड केले आणि मागणी केली राज्यघटनेची. स्पेनने १८१२ मध्ये कादिझला घटना लिहिली होती, ती त्यांच्यासमोर होती. राजाला परतावे लागले. लिस्बनच्या सभेने, म्हणजे कोर्तिशने, जी घटना लिहिली तिच्यात पोर्तुगीज राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतल्या सगळ्या पोर्तुगिजांचा संघ असे धरले आहे. गोव्याच्या शिकलेल्या माणसाने ते जहाजातून आलेल्या कागदावर वाचले आणि ते शब्दशः खरे धरले. तुम्ही पाहायला आला आहात ते हेच धाडस.

पणजीत उतरलात की आधी छापखान्यात जा. शाईचा वास रस्त्यावर येतो. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला, पण पुढे तो बंद पडला आणि कित्येक पिढ्या गोव्यात छापील ओळ निघाली नाही. व्हाइसरॉय पडल्यावर नव्या कारभाऱ्यांनी मुंबईहून यंत्र मागवले आणि २२ डिसेंबर १८२१ ला 'गझेटा द गोवा'चा पहिला अंक काढला. तुमच्या हातात त्याचा एक ताव दिला जातो. पोर्तुगीज तुम्हाला वाचता येत नसेल, तर शेजारचा कारकून कोकणीत सांगेल. सरकारात मराठीचे दुभाषेही आहेत, कारण सत्तरी, पेडणे, डिचोली, फोंडा हा मुलूख गेल्या साठ वर्षांतच या राज्याला जोडला गेला आहे आणि तिथला कागद मोडीत लिहिला जातो. त्या तावातला मजकूर कोरडा सरकारी आहे. पण सरकार काय करते आहे हे रयतेला छापून सांगणे, ही गोष्ट या बेटांवर नवी आहे. तो ताव घडी घालून बंडीत ठेवा.

मग चर्चमध्ये. निवडणूक पॅरिशवार आहे आणि टप्प्याटप्प्याने आहे. आधी गावचे लोक आपले पंच निवडतात, त्यांतून पुढचे, आणि शेवटी ते प्रतिनिधी निवडतात. मिसा संपल्यावर लोक पांगत नाहीत. बाकांवर जमीनदार आहेत, वकील आहेत, गावकरीतले मानकरी आहेत. बामण आणि चारडो या दोन ख्रिस्ती जातींचे लोक एकमेकांकडे न बघता बसले आहेत, कारण हे वैर चर्चच्या दाराबाहेरही राहत नाही. तरी ते बसले आहेत. दहा वर्षांपूर्वीपर्यंत जुन्या गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय होते, ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. ज्यांच्या आज्यांनी आणि पणज्यांनी त्या न्यायालयाच्या भीतीने घरातली तुळस काढून टाकली, ते नातू आज नावे पुकारून माणूस निवडत आहेत.

पस्तीस वर्षांपूर्वीची एक आठवण त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आहे, कोणी ती बोलून दाखवत नाही. १७८७ मध्ये इथल्याच काही एतद्देशीय पाद्र्यांनी आणि शिपायांनी गोऱ्यांच्या पक्षपाताला कंटाळून बंडाचा कट केला. तो फुटला. पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली. इतिहास त्याला पिंटोंचे बंड म्हणतो. मागणी तेव्हाही हीच होती की, आमची लायकी असताना वरची जागा गोऱ्यालाच का. लिस्बनमधल्या पोंबालच्या सरकारने १७६१ मध्येच हुकूम काढला होता की, ख्रिस्ती प्रजेत रंगावरून भेद करू नये. हुकूम होता, अंमल नव्हता. पिंटोंनी हत्यार उचलायचे ठरवले. आज बाकांवर बसलेल्यांनी घटनेवर भरवसा ठेवला आहे.

निकाल लागतो. तीन प्रतिनिधी. आंतोनियो जुझे द लिमा लैतांव हा पोर्तुगालहून आलेला डॉक्टर, 'गझेटा'चा संपादकही तोच. बाकी दोघे गोव्याच्या मातीतले: कोंस्तांसियो रोक द कोश्ता आणि बेर्नार्दो पेरिस द सिल्वा. हे दुसरे नाव लक्षात ठेवा. तिसवाडीतल्या नेवऱ्याचा जन्म, १७७५ चा. वैद्यकी शिकलेला, सेहेचाळीस वर्षांचा माणूस. या वयात लोक जमिनीचे वाद मिटवतात आणि मुलींची लग्ने उरकतात. हा आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासाला निघाला आहे.

बाहेर पडताना पायऱ्यांवर कोण उभे आहे तेही बघा, आत कोण होते त्यावरच थांबू नका. मालकाची छत्री धरून एक हबशी गुलाम उभा आहे. गोव्यात या काळात गुलाम आहेत आणि उदारमतवाद्यांच्या घरातही आहेत. बाईला मत नाही. शेतात राबणारा कुणबी या सगळ्यापासून दूर आहे. मी या माणसांचा चाहता आहे, तरी हे झाकणार नाही. समतेचा कागद त्यांनी वरच्या दिशेला, लिस्बनकडे, धीटपणे वाचला. खालच्या दिशेला तो वाचायचे त्यांनी टाळले. हा त्यांच्या पक्षाचा पहिला आणि सर्वांत खोल दोष होता.

पुढची काही वर्षे तुम्ही पटापट ओलांडा. गोव्याचे प्रतिनिधी पोचतात तोवर लिस्बनमध्ये वारे फिरलेले असते. १८२३ मध्ये राजा कोर्तिश बरखास्त करतो. १८२६ मध्ये पुन्हा एक सनद येते, पेरिस द सिल्वा पुन्हा निवडले जातात, आणि १८२८ मध्ये डोम मिगेल गादी बळकावून सगळेच मोडून टाकतो. उदारमतवादी जीव घेऊन पळतात. नेवऱ्याचा वैद्य इंग्लंडला जातो, तिथून ब्राझीलला. रिओ द जानेरोत १८३२ मध्ये तो एक पुस्तक छापतो. एक तत्त्वज्ञानाचा पंडित आणि एक हिंदी पोर्तुगीज लिस्बनमध्ये बसून घटनेवर बोलत आहेत, अशी त्याची रचना. गोव्याच्या तरुणांना घटना म्हणजे काय, नागरिक म्हणजे काय, हे प्रश्नोत्तरांतून समजावे म्हणून ते लिहिले. परागंदा माणूस, हाती पद नाही, घर अर्ध्या पृथ्वीपलीकडे, आणि तो मुलांसाठी नागरिकशास्त्र लिहितो आहे. या माणसाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे, त्याच्या पदापेक्षा या पुस्तकासाठी.

१८३४ मध्ये मिगेलविरुद्ध लढणाऱ्या डोम पेद्रोची बाजू लढाई जिंकते. उदारमतवादी सरकारात येतात, आणि ७ मे १८३४ च्या हुकमाने बेर्नार्दो पेरिस द सिल्वा यांची नेमणूक होते: प्रिफेक्ट, पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुलकी प्रमुख. व्हाइसरॉयची पदवी जाते, तिची जागा हा अधिकारी घेतो.

१० जानेवारी १८३५. तुम्ही पुन्हा पणजीच्या धक्क्यावर. गर्दीत उभे राहायला जागा नाही. तिसवाडी, बारदेश, गोव्यातल्या साष्टीहून होड्या भरभरून आल्या आहेत. आजवर त्या वाड्यात जो उतरला तो पोर्तुगालहून आला होता. आजही जहाज पोर्तुगालहूनच आले आहे, पण त्यातून उतरणारा माणूस नेवऱ्याचा आहे, सावळा आहे, एकोणसाठ वर्षांचा आहे आणि लोकांशी कोकणीत बोलू शकतो. शेजारचा म्हातारा रडतो आहे. त्याला कारण विचारू नका, तुम्हालाही ते कळते आहे. वसईत, मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, इंग्रजांच्या अख्ख्या मुलखात या दिवशी एकही हिंदी माणूस प्रांताच्या प्रमुखपदी नाही. होईल अशी कोणाला स्वप्नेही पडत नाहीत.

१४ जानेवारीला ते कारभार हाती घेतात आणि लगेच बदल सुरू करतात. जुने अधिकारी हलवतात, जुनी खाती मोडतात. घाईने, असे म्हणायला हवे. लिस्बनमधल्या नव्या कायद्यांनी जे एका फटक्यात व्हायचे ते त्यांनी इथेही एका फटक्यात करायला घेतले. पण फौज त्यांच्या हातात नव्हती. लष्करी अधिकार निराळा ठेवला होता, आणि फौजेतल्या वरच्या जागा पोर्तुगालच्या गोऱ्यांच्या आणि त्यांच्या इथेच वाढलेल्या वंशजांच्या हातात होत्या. हे वंशज पिढ्यान्पिढ्या गोव्यात राहिलेले. लष्करातली जागा हीच त्यांची जमीन आणि हाच त्यांचा मान. 'काळ्या' माणसाने आपल्यावर हुकूम चालवावा, आपल्या बढत्या ठरवाव्यात, हे त्यांना सोसणारे नव्हते. घटना त्यांनाही लागू होती, तिच्यावर शपथ त्यांनीही घेतली असती. ती आपल्या शेजाऱ्यालाही लागू आहे, एवढेच त्यांना मान्य नव्हते.

संध्याकाळी तुम्ही खानावळीत बसता तेव्हा बोलणे कानावर येते. एका टेबलावर दुसऱ्या दिवशी कोणाची जागा जाणार याचा हिशेब चालू आहे, दुसऱ्यावर पेरिस द सिल्वांच्या नावाने पेले उचलले जात आहेत. दोन्ही टेबले एकमेकांना ओळखतात. पणजी तेव्हा एवढीशीच आहे.

१ फेब्रुवारी. फौज बाहेर पडते. प्रिफेक्टना पदावरून काढले जाते, पकडले जाते आणि गोव्याबाहेर धाडले जाते. कारभार हाती घेऊन पुरते तीन आठवडेही झालेले नाहीत. रस्त्यावर तुम्हाला घोड्यांच्या टापा ऐकू येतात आणि दारे लागल्याचा आवाज ऐकू येतो. हा पराभव कोणी केला, ते नीट पाहून ठेवा. गोव्याच्या रयतेने हा माणूस नाकारला नाही. लिस्बनच्या सरकारनेही नाही, कारण नेमणूक त्याचीच होती. युरोपने दिलेला शब्द युरोपच्याच मुलांनी बंदुकीने मोडला.

पुढचा मुक्काम मुंबई. बेर्नार्दो पेरिस द सिल्वा तिथे येऊन राहतात आणि त्यांची गाठ पडते रोजेरियो द फारियाशी. गोवेकर व्यापारी, चीनशी अफूच्या व्यापारात अमाप पैसा कमावलेला. तो पैसा कोणत्या विषाचा होता हे विसरू नका. या काळातल्या मुंबईची कितीतरी श्रीमंती त्याच विषाची होती. पण फारियाने तो एका कायदेशीर सरकारला परत बसवण्यासाठी ओतला. जहाजे घेतली, माणसे जमवली, दारूगोळा भरला. बंदरावर तुम्ही पोती मोजायला मदत करता.

मे महिना लागतो आणि गोव्याहून बातमी येते. ४ मे ला गास्पर दियशच्या किल्ल्यात प्रिफेक्टच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शिपायांची कत्तल झाली, किल्ला जाळला गेला. तेरा वर्षांपूर्वी मांडवीत शिरताना उजव्या हाताला दिसलेला हाच तो किल्ला. ते शिपाई एतद्देशीय होते. त्यांची नावे पुस्तकांत सहसा येत नाहीत, आणि त्या किल्ल्याजवळच्या मिरामारच्या वाळूत खेळणाऱ्या पर्यटकांना तिथे काय घडले याची कल्पना नसते.

आता घाई होते आणि घाईत शहाणपण बुडते. जहाजे निघतात २७ मे ला. तुम्ही वसईचे आहात, तुम्हाला हे ऐकताच पोटात गोळा येतो. पाचूबंदरच्या कोळ्याच्या दहा वर्षांच्या पोराने सांगितले असते की, मृगाच्या तोंडावर दर्यात जायचे नसते. या दिवसांत होड्या ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात आणि नारळी पुनवेपर्यंत पाण्याकडे पाठ फिरवतात. पण उदारमतवाद्यांना गोव्यातले आपले लोक मरताना दिसत होते, आणि पावसाचे चार महिने थांबलो तर मागे कोण उरेल, हा प्रश्न होता. वादळाने तो तांडा उधळून लावला. गोव्याला कोणी पोचले नाही. फारियाचा पैसा बुडाला, तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही.

वादळ शमल्यावर तुम्ही घरी परतायचे ठरवता, आणि इतिहास वसईच्याच वाटेने चाललेला असतो. दमण आणि दीव प्रिफेक्टला मानत होते. म्हणून पेरिस द सिल्वांनी दमणला जाऊन सरकार थाटले. मुंबईहून दमणला जाणारे गलबत अर्नाळ्याच्या समोरून जाते. १८३५ ते १८३७ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचे घटनेने नेमलेले सरकार विरारपासून समुद्रमार्गे दोन-तीन मुक्कामांवर होते आणि त्याच्या डोक्याशी एक गोवेकर होता. त्या वेळी आमच्या गावांत पाद्री पत्रे वाचत होते, पण गावातले कोणी दमणला गेल्याची, कोणी त्या सरकारसाठी उभे राहिल्याची कथा आमच्याकडे आलेली नाही. आम्ही शेती केली, सारा भरला. शंभर वर्षांपूर्वी वसई उत्तरेची राजधानी होती. राज्य कोणाचे, हा प्रश्न तिने इतक्या वेळा तोफांनी सुटताना पाहिला होता की तो मतांनी सुटू शकतो यावर तिचा विश्वास बसला नसावा.

१८३७ मध्ये लिस्बनहून नवा गव्हर्नर येतो आणि दमणचे सरकार संपते. बंडखोरांना त्यांची जागा दाखवून प्रिफेक्टना पुन्हा पणजीत बसवावे, एवढे लिस्बनने केले नाही. पेरिस द सिल्वा पुढे पुन्हा प्रतिनिधी म्हणून लिस्बनला गेले आणि तिथेच १८४४ मध्ये वारले.

इथे गोष्ट संपत नाही, म्हणून आणखी थोडे पुढे चला. १८६१ चा जानेवारी, लिस्बनचे सभागृह. साष्टीतल्या नावेलीचा एकतीस वर्षांचा डॉक्टर उभा राहतो, फ्रान्सिस्को लुईस गोमिश. वसाहतींचे प्रतिनिधी सभागृहात असावेत की नकोत, यावरच कोणीतरी प्रश्न उभा केला आहे, आणि हा नवा सदस्य पहिल्याच भाषणात त्याला उत्तर देतो. अर्थशास्त्र, कादंबरी, वक्तृत्व या तिन्हींत त्याने युरोपच्या मापाने नाव कमावले. १८६९ मध्ये आजारी अवस्थेत घरी परतताना तो बोटीवर वारला, गोवा दिसण्याआधी. इकडे मडगावात तोवर पक्ष उभे राहिले होते, प्रत्येकाचे वर्तमानपत्र होते. पक्षांमागे जात होती, घराणी होती, भांडणे होती. २१ सप्टेंबर १८९० ला निवडणुकीच्या दिवशी मडगावच्या चर्चसमोर फौजेने मतदारांवर गोळ्या घातल्या. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. १८२२ च्या समतेला गोव्यातल्या हिंदूंपर्यंत पोचायला एवढी वर्षे लागली.

त्याआधी आमच्याकडेही युरोपवर एक डाव लावला गेला होता. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची पन्नास वर्षे पुरी झाली, तेव्हा मुंबई, साष्टी, वसईच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. आम्ही गोवेकर नव्हे, आम्ही कंपनीच्या काळापासूनची इथलीच प्रजा, हे इंग्रज सरकारला सांगून नोकऱ्यांत जागा मिळवणे हा तिच्यामागचा व्यवहार होता. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न होता. पण दोन डावांतला फरक मला स्पष्ट दिसतो. आमच्या पुढाऱ्यांनी राज्यकर्त्याकडे जवळीक मागितली. पेरिस द सिल्वांच्या पक्षाने राज्यकर्त्याकडे त्याच्याच कायद्याचा अंमल मागितला. पहिली मागणी पुरी झाली की माणूस गप्प बसतो. दुसरी पुरी होत नाही तेव्हा ती पुढच्या पिढीकडे जाते.

ती तशी गेली. शेवटचा मुक्काम, पणजी, ४ जुलै १९३०. पावसाची झड लागली आहे. सालाझारच्या काळात लिस्बन 'वसाहत कायदा' आणते आहे, ज्यात गोवा राष्ट्राचा भाग न राहता ताब्यातला मुलूख ठरतो. गोव्याच्या विधिमंडळात चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा उभे राहतात. पोर्तुगीजमध्ये विचार करणारा, फ्रेंच ग्रंथ वाचणारा, युरोपच्या उदारमतवादावर वाढलेला हा पत्रकार. तुम्ही प्रेक्षकांत आहात. ते ठराव मांडतात की, या कायद्याचा आम्ही निषेध करतो आणि आपले भवितव्य आपण ठरवण्याचा गोव्याच्या लोकांचा हक्क आम्ही सोडलेला नाही. एकशे आठ वर्षांपूर्वी चर्चच्या बाकांवरून आम्हाला तुमच्यात मोजा अशी मागणी निघाली होती. ती आज या टोकाला पोचली आहे. मोजत नसाल, तर आम्ही वेगळे.

या लोकांना फिरंग्यांचे अनुयायी म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे. ती अन्यायाची आहे. त्यांनी युरोपची पूजा केली नाही, युरोपचा लेखी शब्द युरोपपुढे ठेवला आणि तो मोडला गेल्याची किंमत घरदार, पैसा आणि गास्पर दियशच्या शिपायांच्या जिवाने मोजली. पोर्तुगिजांच्या चारशे एक्कावन्न वर्षांच्या राज्यात गोव्याच्या मातीतला एकच माणूस गोव्याच्या प्रमुखपदी बसला, तो म्हणजे नेवऱ्याचे बेर्नार्दो पेरिस द सिल्वा.

वसईत १७३९ च्या विजयाचा दिवस आपण साजरा करतो, १८०२ चा वसईचा तह शाळेत शिकतो. त्याच्याच शेजारी १८२२ आणि १८३५ ही दोन वर्षेही मुलांना शिकवा. अर्नाळ्यासमोरून दमणकडे गेलेले ते सरकार आपल्याही किनाऱ्याच्या इतिहासात मोडते.